पेपर पुढे गेला, रायटर कुठून आणायचा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षांचा हंगाम आला की आपल्या अंकात पेपर पुढे ढकलल्याच्या बातम्या सुरू होतात. 'विद्यार्थ्यांमध्ये संभ्रम' हे त्यातलं ठरलेलं वाक्य. पण पेपर पुढे गेला की दृष्टिहीन मुलांचा रायटर, म्हणजे ती सांगतील ते उत्तर कागदावर उतरवणारा माणूस, हातचा जातो, ही गोष्ट मला त्या बातम्यांत कधी वाचायला मिळाली नाही. म्हणून हे पत्र.

मी बेस्टमध्ये नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं स्टार्टर म्हणून, म्हणजे बस वेळेवर सोडणारा माणूस. निवृत्तीनंतर आमच्या इमारतीतल्या एका मुलीसाठी रायटर शोधायला लागलो आणि ते काम अंगाला चिकटलं ते चिकटलंच. आता लालबाग-परळपासून थेट डोंबिवलीपर्यंतच्या मुलांचे फोन येतात, "काका, सोमवारी इकॉनॉमिक्स आहे, कोणी मिळेल का?" मी स्वतः जुना अकरावी मॅट्रिक. नियमाने मलाही बसता आलं असतं, पण माझं अक्षर बघून त्या मुलीच्या आईनेच हात जोडले.

रायटर कोणीही चालत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत असं होतं की विद्यार्थी परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे रायटर मागू शकतो किंवा स्वतःचा आणू शकतो. स्वतःचा आणला, तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं, असंही त्यांत होतं. हे मला पटतं. एम. ए. झालेल्या माणसाने टीवायचा, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा, पेपर लिहिला तर उत्तर नक्की कोणाचं, हा प्रश्न राहणारच. पण मग व्यवहारात होतं काय, तर टीवायच्या मुलीचा पेपर लिहायला एखादी एफवाय-एसवायची, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलगी शोधावी लागते, आणि तिची स्वतःची परीक्षाही त्याच सुमाराला असते. तिचे पेपर, क्लासच्या टेस्ट, प्रॅक्टिकल हे सगळं बघून मी जुळवाजुळव करतो. एका विद्यार्थिनीच्या सहा पेपरांना कधी चार वेगवेगळे रायटर लागतात. प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स, मार्कशीट, फोटो, अर्ज आणि त्यावर प्राचार्यांची सही लागते.

हे सगळं जमून येतं आणि शुक्रवारी संध्याकाळी परिपत्रक निघतं: सोमवारचा पेपर आता बुधवारी. कारण 'अपरिहार्य'. बाकीच्या मुलांना अभ्यासाला दोन दिवस जास्त मिळतात, काही जण खूशही होतात. माझ्याकडची मुलगी मात्र रायटरला फोन लावते, तर बुधवारी त्या रायटरचीच प्रिलिम. शनिवारी अर्ध्या दिवसाचं कार्यालय, रविवारी सुट्टी. नवा रायटर मिळालाच तरी त्याच्या अर्जावर सही करायला जागेवर कोण असणार? त्या २०१८ च्या सूचनांत होतं की विद्यार्थ्याला रायटरला पेपरच्या दोन दिवस आधी भेटता यावं. आमच्याकडे दोन दिवस आधी पेपर कधी आहे तेच ठरत नाही.

आणि ते परिपत्रक मुलांपर्यंत पोहोचतं कसं, तेही सांगतो. सही-शिक्का मारलेला कागद कोणीतरी तिरका स्कॅन करतो आणि तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. आमच्या इमारतीतली मुलगी मोबाइल कानाला लावून वाचते. पडद्यावरची अक्षरं फोन बोलून दाखवतो, आणि तिचा हात इतका बसलाय की तो ज्या वेगाने बोलतो त्यातला एक शब्द मला कळत नाही. पण अक्षरं फोटोत अडकलेली असली की ते वाचणं त्याला धड जमत नाही. 'इमेज' एवढंच म्हणून थांबतो, नाहीतर तारखांच्या जागी काहीतरी अगम्य आकडे ऐकवतो. ज्या मुलीला तारीख बदलल्याचा सगळ्यात मोठा फटका बसणार, तिला ती मैत्रिणीकडून, मैत्रिणीच्या सवडीने कळते. तेच परिपत्रक टाइप केलेल्या स्वरूपात संकेतस्थळावर टाकायला एक पैसा खर्च नाही.

आता केटीचं घ्या. मागच्या सेमिस्टरचा राहिलेला विषय आणि चालू सेमिस्टरचा विषय एकाच दिवशी लावतात, एक सकाळी, एक दुपारी. डोळस मुलालाही ते जडच जातं. पण दृष्टिहीन विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आहे. म्हणजे साडेदहाचा अडीच तासांचा पेपर एक वाजता नाही, एक वाजून पन्नास मिनिटांनी संपतो. दुपारचा पेपर अडीचला असेल तर अर्धा तास आधी हजर राहायचं. मधे दहा मिनिटं उरली. तेवढ्यात जिना उतरायचा, डबा खायचा आणि दुसरा ब्लॉक शोधायचा. दुसरा पेपर संपेपर्यंत सहाला दहा कमी. वेळापत्रक करणाऱ्याने हा हिशोब एकदा कागदावर मांडला असता, तर त्याच्या हातून ही जोडी लागलीच नसती.

तो जादा वेळ तरी धड पदरात पडतो का? मी बाहेर पॅसेजमध्ये बसलेला असतो. एकाची घंटा होते, बाकीचे वर्ग रिकामे होतात, मुलं उत्तरं ताडून बघत आरडाओरडा करत जातात. आमच्या मुलीची खोली झेरॉक्स मशीनच्या शेजारी, कारण 'वेगळी खोली' म्हणून तेवढीच शिल्लक. शिपाई येऊन खिडक्या लावायला लागतो. सुपरवायझर दोनदा घड्याळ बघतात, मग म्हणतात, "अजून किती?" त्यांचाही दोष नाही. त्यांच्या ड्युटीच्या कागदावर एक वाजता सुटका लिहिलेली आहे. छापील वेळापत्रकात जादा वेळेची ओळच नसते, त्यामुळे प्रत्येक केंद्रावर तो हक्क नव्याने समजावून सांगावा लागतो.

बेस्टमध्ये गाडी सुटायची वेळ पाच मिनिटांनी बदलायची तरी आधी ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी बघावी लागायची. गाडी उभी आणि माणूस नाही, असं झालं तर जबाब स्टार्टरला द्यावा लागे. परीक्षेच्या वेळापत्रकाचा जबाब कोण देतं? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की परीक्षांचं वेळापत्रक शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करावं आणि ते काटेकोरपणे पाळावं. निकाल ३० दिवसांत, उशिरात उशिरा ४५ दिवसांत लावावा. पण त्याच कायद्यात पुढे असंही आहे की हे वेळापत्रक पाळलं गेलं नाही एवढ्याच कारणावरून परीक्षा अवैध ठरत नाही. यामागचं कारण मला समजतं, नाहीतर लाखो मुलांच्या परीक्षा कोर्टात अडकतील. पण मग चुकलं तर करायचं काय, हे कोणीच सांगत नाही. निकाल रखडले की निदान बोभाटा होतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल ऑनस्क्रीन तपासणीच्या घोळात अडकले, तेव्हा कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. तारीख बदलल्यामुळे रायटर न मिळालेल्या मुलीसाठी कोणी कोणाला साधं पत्रसुद्धा लिहीत नाही.

पावसाला मी दोष देत नाही. रेड अलर्ट आला, लोकल बंद पडल्या, तर पेपर पुढे जाणारच, जायलाच हवा. पण मतदानाची तारीख आयोग कित्येक आठवडे आधी जाहीर करतो. गणपती तर वर्षभर आधीच कॅलेंडरात छापून आलेले असतात. त्यांना अपरिहार्य कसं म्हणायचं? माझं मागणं असं आहे की मूळ वेळापत्रकातच शेवटी तीन-चार राखीव तारखा छापाव्यात आणि काहीही झालं तरी पुढे गेलेला पेपर त्यांतल्याच एका दिवशी घ्यावा. मग मी रायटरला पहिल्याच फोनवर सांगू शकेन, "बाळा, या तारखाही मोकळ्या ठेव." एवढ्याने माझं अर्धं काम होईल. याशिवाय, पेपर जवळ आल्यावर केलेल्या बदलामुळे रायटर बदलावा लागला, तर तो देण्याची जबाबदारी विद्यापीठाची असावी. रायटरचं पॅनेल करण्याची कल्पना त्या २०१८ च्या सूचनांतच आहे. आम्हाला मात्र खिडकीवर उत्तर मिळतं, "तुमचा तुम्ही आणा."

विद्यापीठाचं आणि महाविद्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. अडचण एकाच ठिकाणची नाही, आणि मुंबईत आता विद्यापीठं आणि स्वायत्त महाविद्यालयं इतकी आहेत की प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. उलट त्यामुळेच माझं काम वाढलंय. पूर्वी मूल एका विद्यापीठाचं असलं की रायटरही बहुधा तिथलाच असायचा आणि दोघांच्या सुट्ट्या जुळायच्या. आता दोघांची दोन टोकं.

वरळीला नॅब ही दृष्टिहीनांसाठी काम करणारी संस्था आहे, झेवियर्समध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र आहे, अशा ठिकाणची माणसं हे प्रश्न माझ्याहून कितीतरी अधिक जाणतात. परीक्षा मंडळांनी वेळापत्रक पक्कं करण्याआधी त्यांच्यापैकी कोणाला तरी बैठकीला बोलवावं.

आपल्या वाचकांत अकरावी-बारावीची, एफवायची मुलं असतील आणि त्यांना रायटर म्हणून बसायचं असेल, तर त्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात आपलं नाव देऊन ठेवावं. विषय आणि लिहिण्याचं माध्यम जरूर कळवावं. मराठी माध्यमातून भराभर लिहिणारी मुलं सध्या फार कमी मिळतात.

पत्रासोबत माझं नाव-पत्ता दिला आहे, पण कृपया तो छापू नये. मुलीचे दोन पेपर अजून व्हायचे आहेत.

आपला,
बेस्टचा एक निवृत्त स्टार्टर
लालबाग, मुंबई