शिमल्याची खोली मी घेऊन टाकली आहे

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा ‘बघू’ म्हणतात, आई ‘तू जेवलीस का’ विचारते आणि बोलणं तिथंच राहतं. म्हणून लिहायला बसले. शिमल्याची खोली मी घेऊन टाकली आहे. घट उठल्यावर आणि दिवाळीच्या तयारीला लागण्याआधी, सहा रात्री, एकाच ठिकाणी. पैसे भरले. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच तिकिटंही काढली. तुम्हाला विचारून करायला हवं होतं, हे कळतं मला. पण विचारलं असतं तर आईनं पुढच्या वर्षीचं नाव काढलं असतं आणि बाबांनी मान डोलावली असती. १९८६ च्या मे महिन्यापासून शिमला पुढच्याच वर्षी आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं आहे. जूनमध्ये ऑफिसच्या कामाला चंदीगडला गेले होते, त्यातले शेवटचे दोन दिवस मी शिमल्यात होते. आईचा फोन आला आणि मी ‘बाहेर आहे गं, रात्री बोलते’ म्हणाले, तेव्हा एका हॉटेलच्या पायऱ्या मोजत होते. खोटं नाही बोलले, पण लपवलं. आधी स्वतः बघून घ्यायचं होतं. तुम्हाला झेपण्यासारखं नसतं तर विषयच काढला नसता.

सात हॉटेलं पाहिली. दादाचं म्हणणं, मोठंच घे, लिफ्ट असते, चोवीस तास माणसं असतात. तो काळजीनंच म्हणतो, त्याला काही बोलू नका. तसली दोन पाहिली मी. खोलीपासून जेवणाच्या हॉलपर्यंत जायलाच बाबांना मध्ये एकदा बसावं लागलं असतं. आणि ताट हातात धरून रांगेत उभं राहणं आईला लग्नकार्यातसुद्धा कधी आवडलेलं नाही. माणसं अदबीनं वागली, पण सकाळी भेटलेल्या माणसानं संध्याकाळी मला ओळखलं नाही.

मी घेतलंय ते नऊच खोल्यांचं आहे. इंग्रजांच्या वेळचं घर, उतरतं हिरवं छप्पर, पुढे काचेचा व्हरांडा. बाबा, भिंती धज्जीच्या आहेत, म्हणजे लाकडाची चौकट करून मधल्या जागेत दगड आणि माती भरलेली. भूकंपात अशी भिंत थोडी हलते, पण चौकट दगडांना धरून ठेवते म्हणून ती एकदम कोसळत नाही. तुम्ही गेल्या गेल्या बोटानं ठोकून बघणार हे माहीत असल्यामुळे मालकीणबाईंना आधीच सांगून आले आहे, वडील पीडब्ल्यूडीत होते. त्या म्हणाल्या, मग त्यांना माळ्यावरचं तुळयांचं काम दाखवू. माळ्यावर जायची शिडी मात्र तुम्ही चढायची नाही. फोटो काढून आणीन.

उणं काय आहे तेही सांगते. लिफ्ट नाही, म्हणून तळमजल्यावरची खोली घेतली. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत अकरा पायऱ्या आहेत, रुंद आहेत, दोन्ही बाजूंना कठडा आहे. न्हाणीघराला चार बोटांचा उंबरा आहे, त्यावर लाल पट्टी लावायला सांगितली आहे. लाकडी जमीन करकरते. गिझरला पाणी तापवायला वेळ लागतो. कमोड आहे, शेजारी धरायला दांडा आहे, आंघोळीला स्टूल ठेवणार आहेत. पलंग उंच नाही, मी बसून उठून पाहिलं. गादी कडक आहे, आईच्या कमरेला हवी तशी. हीटर तेलाचा आहे. पूर्वी खोलीत शेगडी ठेवायचे, ती मागितली तरी देणार नाहीत आणि तुम्हीही मागू नका. बंद खोलीत कोळसा पेटलेला असला की माणूस झोपेतच जातो.

माझी खोली शेजारचीच. मधली भिंत नुसती फळ्यांची आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं. मालकीणबाई त्याबद्दल सारखी माफी मागत होत्या. मला तीच खोली हवी होती. बाबा खोकले तर मला कळेल.

खिडकी दक्षिणेला आहे. उत्तरेच्या खोल्यांतून आभाळ स्वच्छ असलं तर बर्फाचे डोंगर दिसतात, आणि लोक त्याच मागतात. पण त्या बाजूला देवदारांची सावली आणि ओल असते. मी सकाळी दोन्हीकडे अर्धा तास बसून पाहिलं. दक्षिणेकडे ऊन थेट पलंगापर्यंत येतं. बर्फ बघायला आपण रिजवर, म्हणजे गावातल्या उंचावरच्या मोकळ्या जागेत, जाऊ, पाय शेकायला ऊन मात्र खोलीतच पाहिजे.

आणि नऊ खोल्यांच्या घराचं खरं कारण लिहितेच. तिथं सकाळी साडेसातला व्हरांड्यात चहा असतो. कोणी आलं नाही तर तिथला म्हातारा नोकर दार वाजवून विचारतो, बरं आहे ना. माझं दार त्यानं वाजवलं, मी फोनवर होते. दार उघडलं, तो ‘ठीक है बेटी’ म्हणून गेला आणि मला रडू आलं. मार्चमध्ये तुमचं बरं नाही हे दूधवाल्याच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. त्याबद्दल तुम्ही दोघांनी मला एका शब्दानं काही म्हटलं नाहीत, आणि मी अजूनही रोज साडेसातला घड्याळ बघते.

असो. बाबांच्या डॉक्टरांशी बोलले आहे. शिमला सुमारे २,२०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा साडेआठशे मीटर उंच. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजारांच्या वर सुरू होतो. पहिले दोन दिवस दम जरा लवकर लागेल, तेव्हा फक्त आराम करायचा असं ते म्हणाले. निघण्याआधी एकदा तपासून घ्या म्हणाले, ती वेळही मी ठरवली आहे, दादा घेऊन जाईल. गावात इंदिरा गांधी मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय आहे. हॉटेलातून तिथं जायचा रस्ता मी पाहून आले. लागणार नाही, पण पाहून आले.

आई, तुला गाडी लागते हे विसरलेले नाही. म्हणून रस्त्यानं जायचंच नाही. विमानानं चंदीगड, रात्री तिथं मुक्काम, सकाळी कालक्याहून छोटी गाडी. ९६ किलोमीटरला पाच तासांहून जास्त लागतात, इतकी ती सावकाश जाते. बाबा, ती १९०३ सालची आहे. कालका ६५६ मीटरवर आणि शिमला स्टेशन २,०७६ मीटरवर, म्हणजे चौदाशे मीटरची चढण. शंभरावर बोगदे, आणि पूल दगडी कमानींचे, काही ठिकाणी एकावर एक चार मजली. २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बरोगचा ३३ नंबरचा बोगदा अकराशे मीटरच्या वर लांब आहे. असं सांगतात की बरोग नावाच्या इंजिनिअरनं दोन्ही टोकांनी खणायला घेतलं आणि मधे दोन्ही बाजू जुळल्याच नाहीत. सरकारनं त्याला एक रुपया दंड केला आणि तो दंड त्याला सोसला नाही. पुढे भलकू नावाच्या तिथल्याच माणसानं डोंगर वाचून नवी वाट दाखवली. हे सगळं तुम्ही मला बोगद्याच्या तोंडाशी सविस्तर समजावून सांगायचं आहे, लहानपणी कॅनॉलवर सांगायचात तसं. मी मुद्दाम पुढे काही वाचलेलं नाही.

स्टेशनवर हॉटेलची गाडी येईल. मॉल हा बाजाराचा रस्ता आणि रिज, दोन्ही गाड्यांना बंद आहेत, म्हणून शेवटची दीडशे पावलं चालायची आहेत, सपाट. सामान हमाल आणेल. बाबा, बॅगेला हात लावायचा नाही. त्याला त्याची मजुरी मिळू दे. खालच्या, गाड्यांच्या कार्ट रोडवरून मॉलवर चढायला दोन टप्प्यांची लिफ्ट आहे, तिचं तिकीट काढलं की सगळा चढ वाचतो.

बघायचं काय, याची यादी केलेली नाही. मागच्या वेळी त्या सहलीत पहाटे पाचला उठवून बसमध्ये बसवायचे, आणि वाटेत सोय नसेल म्हणून आई दिवसभर पाणी प्यायची नाही. मला ते तुम्ही परत आल्यावर आठ दिवसांनी कळलं. या वेळी कोणी शिट्टी वाजवणार नाही. वाटलं तर व्हाइसरॉयचा वाडा बघू, १८८८ साली पूर्ण झालेला. १९४५ ची शिमला परिषद तिथंच झाली, आता तिथं उच्च अध्ययन संस्था आहे, हिरवळ मोठी आहे, बाकं आहेत. शिमला करार झाला ते बार्न्स कोर्ट वेगळं. २ जुलै १९७२. तुम्हाला ते साल म्हटलं की दुष्काळ आणि सुकडी आठवते, मला माहीत आहे. नाही वाटलं तर काहीच बघायचं नाही. व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या आहेत. सहाही दिवस तुम्ही त्यात बसून काढलेत तरी माझे पैसे वसूल झाले.

एक मात्र तुझ्यासाठी, आई. जाखूचा मारुती. वरपर्यंत रोपवे आहे, चालायला नको. १०८ फुटांची मूर्ती आहे, गावातून बऱ्याच ठिकाणांहून दिसते. शनिवारी जाऊ. तिथं माकडं चष्मा ओढून नेतात, तेव्हा दोघांनीही आधीच चष्मे काढून माझ्या पर्समध्ये द्यायचे. प्रसाद हातात दाखवत फिरायचं नाही.

जेवणाची चिंता नको. स्वयंपाकी मुगाची खिचडी करतो, मी खाऊन पाहिली, हिंग कमी घालतो इतकंच. वरणभात सांगितला की मिळेल. पोळ्या जरा जाड असतात. तू मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि वाटलं तर थोडे लाडू घे. भाजणी, पोहे, साबुदाणा, छोटा कुकर यांतलं काही घ्यायचं नाही. मी निघताना बॅग उघडून बघणार आहे.

दुपारी अठरा-वीस अंश आणि रात्री दहाच्या आसपास उतरतं. एक जाड स्वेटर, दोन पातळ, कानटोपी, रात्री झोपताना मोजे. नवे बूट तिथं गेल्यावर घालायचे नाहीत, आजपासून रोज घरात घालून फिरा. बाबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, दोन दिवसांच्या जादा, आणि चिठ्ठीची एक प्रत आईच्या पाकिटात. पाणी प्यायचं, आई. दोघांचीही आधारकार्डं बघून ठेवा, हॉटेलात मागतात.

दर वेळी मीच रागावते असं वाटतंय का? मी रागावलेली नाही. मला आठवतंय, तापात असताना आई रात्रभर जागी असायची आणि सकाळी मी विचारलं की म्हणायची, ‘छे, झोपले होते की.’ बाबा शाळेपर्यंत सायकल हातात धरून चालायचे, कारण मला दांडीवर बसायची भीती वाटायची. मला सहा दिवस तुमच्या चालीनं चालायचं आहे, एवढंच.

शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायचं मी बोलले आहे. तुळशीला त्या पाणी घालतील. मांजराचं दूध दूधवाला ओट्यावर ठेवील, त्याला सांगायचं दादानं कबूल केलं आहे. म्हणजे या बाजूचं कारण उरलेलं नाही. जायचंच नसेल तर मला सरळ सांगा, मी मनाला लावून घेणार नाही. पण मग ते खरं कारण असू दे, माझे पैसे वाचवायचं नको.

आई, तो निळा स्वेटर तू बाबांसाठी शिमल्याकरता विणला होतास आणि मग उसवून मला केलास, तो माझ्याकडे आहे. कोपरावर विरला आहे, पण लोकर अजून मऊ आहे. मी तो उसवून गुंडे करून आणते आहे. मफलरपुरती तरी लोकर निघेल. दुपारी ऊन पलंगावरून व्हरांड्यात सरकतं, तिथं बसून होईल. सुया मोठ्या बॅगेत ठेव, हातातल्या पिशवीत नको, विमानतळावर तपासणीत उगाच अडकायला नको.

तुमची,
चिमी