टर्बो गेल्यावर इंजिन परत चालू झालं, तरी विमान उतरवाच

मा. संपादक, स.न.वि.वि.

लातूरच्या एमआयडीसीत मी तीस वर्षं ट्रक-ट्रॅक्टरचे टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे) खोलतोय. पुतणी वैमानिकाचं शिक्षण घेतेय. परवा तिच्या हातात टर्बोचा एक शाफ्ट (दांडा) दिला: तेलाअभावी जळून निळा पडलेला. ट्रक कडेला लावता येतो, विमान नाही. विमानाच्या पिस्टन इंजिनाचा टर्बो उंचीवर असताना निकामी झाला की इंजिनात येणारी हवा एकदम कमी होते, पेट्रोल मात्र तेवढंच. इंजिन गुदमरून बंद पडू शकतं. मिश्रणातलं पेट्रोल कमी केलं की बहुधा परत धरतं. पण म्हणून पुढे जायचं नाही! फुटक्या टर्बोतून इंजिनाचं तेल वाहून जाऊ शकतं, एक्झॉस्टच्या गळतीने आग लागू शकते. ऑइल प्रेशर बघत जवळच्या धावपट्टीवर उतरावं. प्रशिक्षण संस्थांनी असे निकामी टर्बो वर्गात ठेवावेत. माझ्याकडचे मी फुकट देईन.

— एक टर्बो मेकॅनिक, लातूर