ताई, आईच्या हिशेबासाठी आपले आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आईच्या कॉन्झर्व्हेटरशिपचा, म्हणजे स्वतःचे व्यवहार पाहू न शकणाऱ्या प्रौढाची देखभाल आणि मालमत्ता न्यायालयाने दुसऱ्याकडे सोपवण्याच्या व्यवस्थेचा, पहिला हिशेब न्यायालयाने गेल्या आठवड्यात मंजूर केला. ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा आपण ‘छान झाले’ एवढेच म्हणालात आणि लगेच आईला झोप नीट लागते का, ते विचारलेत. त्या वेळी बोलायचे राहून गेले ते लिहून कळवावे, आणि ज्यांच्या जवळ आपल्यासारखे कोणी नाही अशा मराठी कुटुंबांनाही ते वाचता यावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आईचा स्मृतिभ्रंश वाढला तेव्हा कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात अर्ज करावा लागेल, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. इतर अनेक राज्यांत प्रौढ व्यक्तीची देखभाल पाहणाऱ्याला गार्डियन आणि तिची मालमत्ता सांभाळणाऱ्याला कॉन्झर्व्हेटर म्हणतात. इथे मात्र गार्डियन हा शब्द अल्पवयीन मुलांसाठी राखलेला असून प्रौढांच्या बाबतीत दोन्ही कामांना कॉन्झर्व्हेटरशिपच म्हणतात, हेसुद्धा मला आपल्याकडूनच कळले.

न्यायालयाचे इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे चौकशी अधिकारी, घरी आले आणि त्यांनी आईशी एकटीशी बोलायचे आहे असे सांगितले, तेव्हा मी दुखावलो होतो. या अर्जाला विरोध करण्याचा, वकील घेण्याचा, एवढेच नव्हे तर ज्युरीपुढे सुनावणी मागण्याचाही तुम्हाला हक्क आहे, असे त्यांनी तिला समजावले. पोटच्या मुलावर हा अविश्वास कशासाठी, असे मी आपल्याला तावातावाने विचारले. त्यावर आपण शांतपणे म्हणालात, “उद्या तिची सही तुझ्या हातात येणार. ती तुला हिशेब विचारू शकणार नाही. मग तिच्या वतीने कोणी विचारायला नको का?” त्या वाक्यानंतर मी एकाही कागदाबद्दल तक्रार केली नाही.

आदेश निघाला म्हणजे काम झाले, असे मी समजत होतो. लेटर्स ऑफ कॉन्झर्व्हेटरशिप, म्हणजे नेमणुकीचे अधिकृत पत्र, हातात पडल्याशिवाय मला कोणताही अधिकार नाही, आणि त्याआधी कर्तव्यांची माहिती देणारा जीसी-३४८ हा फॉर्म नुसता सही करून द्यायचा नसून वाचायचा असतो, हे आपण बजावलेत. तो आपण माझ्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतलात. बाँडचा, म्हणजे आईच्या मालमत्तेच्या सुरक्षेसाठी द्यायच्या हमीचा, हप्ता, नेमणुकीपासून ९० दिवसांत द्यायची मालमत्तेची यादी, घराचे मोल ठरवणारे प्रोबेट रेफरी, या सगळ्याच्या तारखा आपण आपल्या हाताने माझ्या वहीत लिहून दिल्यात. न्यायालयाचा आदेश असला तरी आईच्या सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनासाठी, रिप्रेझेंटेटिव्ह पेयी (तिच्या वतीने ते पैसे स्वीकारणारी व्यक्ती) म्हणून वेगळा अर्ज करावाच लागतो, हे आपण वेळेवर सांगितले नसते तर माझे कितीतरी हेलपाटे झाले असते.

सर्वांत मोठा उपकार मात्र त्या औषधांच्या पैशांचा. पहिले तीन महिने मी आईची औषधे, डायपर आणि इतर किरकोळ वस्तू माझ्या कार्डावर घेत होतो आणि महिनाअखेरीस तिच्या खात्यातून अंदाजाने एक गोल रक्कम माझ्या खात्यात वळती करत होतो. त्यात लबाडी नव्हती, पण पुरावाही नव्हता. आपण ते पाहिलेत, रागावला नाहीत, आणि चार रविवार माझ्याबरोबर बसून एकेक पावती शोधायला लावलीत. जिची पावती सापडली नाही, ती रक्कम मी आईच्या खात्यात परत भरली. सुरुवातीची मालमत्ता आणि जमा एका बाजूला, खर्च आणि शिल्लक दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींची बेरीज सेंटपर्यंत जुळलेली, असा तो तक्ता पूर्ण झाला त्या रात्री मला खरोखर हलके वाटले. बँकेच्या मूळ स्टेटमेंटांसह हिशेब सादर केला, तेव्हा विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याजवळ कागद होता.

आईला केअर होममध्ये हलवायचे ठरले, तेव्हाही माझे सगळे लक्ष सामानाकडे होते. घर सोडण्याच्या किमान १५ दिवस आधी संबंधितांना नोटीस गेली पाहिजे आणि हलवल्यावर ३० दिवसांत न्यायालयाला कळवले पाहिजे, याची आठवण आपण केलीत. शिवाय तिच्या उशाशी ठेवायचा जुना फोटो कोणता, हे तिलाच विचार, असेही सांगितलेत. मी विचारले. तिने बाबांचा नव्हे, स्वतःच्या आईचा फोटो निवडला.

आपण आपल्या भावासाठी हे सारे एकट्याने, कोणी सांगणारे नसताना केले होते. त्या अनुभवातले इतके काही आपण माझ्यासाठी मोकळेपणाने खर्च केलेत, आणि एकदाही त्याचा उल्लेख केला नाहीत, याची मला जाणीव आहे.

पुढचा हिशेब आता दोन वर्षांनी द्यायचा आहे. पावत्यांचे पाकीट महिन्याच्या महिन्याला भरतो आहे. आपण नमुन्यासाठी दिलेली भावाची फाइल मी जपून ठेवली आहे. येत्या रविवारी आईला भेटायला याल तेव्हा ती परत करीन.

आपला कृतज्ञ,
आईचा मुलगा आणि कॉन्झर्व्हेटर