मुतखड्याचे बदलते वय आणि प्रकार

संपादक महोदय,

मुतखडा हा मध्यमवयीन पुरुषांचा आजार, ही समजूत आता सोडावी लागेल, कारण किशोरवयीन मुले आणि तरुण स्त्रिया यांच्यातही त्याचे प्रमाण वाढल्याचे परदेशांतील अभ्यासांत दिसले आहे. पूर्वी दूध क्वचितच मिळणाऱ्या गरीब घरांतील मुलांना मूत्राशयात खडे होत. आहार सुधारला तसे ते घटले आणि आज मूत्रपिंडातील कॅल्शियम ऑक्झलेटचे, म्हणजे कॅल्शियम आणि ऑक्झलेट (पालकासारख्या भाज्यांतही असणारा पदार्थ) यांच्या संयुगाचे, खडे सर्वाधिक आढळतात. मधुमेह, लठ्ठपणा आणि उतारवय यांच्यासोबत मात्र युरिक ॲसिडचे खडे वाढतात, आणि लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधांनी ते बहुधा विरघळू शकतात. म्हणूनच पडलेला खडा फेकून न देता तपासणीस पाठवणे मला अत्यंत गरजेचे वाटते. (खडा झाला की दूध बंद करण्याचा सर्रास दिला जाणारा सल्लाही चुकीचा आहे, कारण दुधासारख्या आहारातील कॅल्शियम हे अन्नातील ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते आणि ते लघवीत कमी उतरते.)

उन्हाळ्यात 40 अंशांपलीकडे तापणाऱ्या सोलापुरात यंत्रमाग कामगारांच्या शरीरातील पाणी घामावाटे जाऊन लघवी दाट होते आणि खडे होण्याचा धोका वाढतो. दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी त्यांना पिता यावे, यासाठी प्रत्येक कारखान्यात पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय असावे, आणि शासकीय रुग्णालयांत खड्याची तपासणी विनामूल्य व्हावी.

— एक वाचक, सोलापूर