गाजर गवत खाणाऱ्या भुंग्यांना अभय द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

यंदा श्रावणात सातारा–कोरेगाव रस्त्याच्या कडेने माजलेल्या गाजर गवताच्या पानांची चाळणी झालेली पाहून फार समाधान वाटले होते. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले मेक्सिकन भुंगे आणि त्यांच्या पिवळसर अळ्या कोवळे शेंडेसुद्धा शिल्लक ठेवत नव्हत्या. आठवडाभरातच तेथे तणनाशक फवारले गेले, गवत करपले आणि अळ्यांचे अन्नच संपले. पुढच्या सरींबरोबर जमिनीतले बी पुन्हा उगवले. भुंगे मात्र दिसले नाहीत.

हे गवत आपल्याकडे १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आले. मूळ अमेरिका खंडातले असल्याने येथे त्याला खाणारे कोणी नव्हते, आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. म्हणूनच १९८३ मध्ये हे भुंगे मेक्सिकोहून बंगळुरूला आणले गेले आणि पिकांवरील चाचण्यांनंतर १९८४ मध्ये मोकळे सोडले गेले. पुढे ते सूर्यफुलावर आढळल्याने शास्त्रज्ञांनीही काळजीने फेरतपासणी केली, आणि पिकाला त्यांच्यापासून मोठा धोका नाही असे ठरले. तरीही आमच्याकडे अनेक शेतकरी त्यांना पिकावरची कीड समजून मारतात, याचे वाईट वाटते.

हा भुंगा एकट्याने गवत संपवील, असा माझा दावा नाही. त्याची संख्या वाढेपर्यंत बरेचसे गवत फुलोऱ्यात येते. त्यामुळे घराजवळचे आणि शाळेच्या आवारातले गवत फुलण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटलेच पाहिजे. या गवताने माझ्या वडिलांच्या हातांना उठलेली खाज आणि चट्टे मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत.

भुंगे हिवाळा-उन्हाळा जमिनीत सुप्त राहतात, पावसाबरोबर वर येतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत फवारणी होते. तेव्हा ग्रामपंचायतींनी व रस्त्यांची देखभाल करणाऱ्यांनी भुंगे दिसतील ते पट्टे पावसाळा संपेपर्यंत फवारणीतून वगळावेत आणि कृषी सहायकांनी खरिपाच्या बैठकांत शेतकऱ्यांना हे भुंगे प्रत्यक्ष दाखवावेत, अशी कळकळीची विनंती आहे. आमच्या बांधावर ते अजून टिकून आहेत. पुढच्या पावसाळ्यात डब्याच्या झाकणाला भोके पाडून, आत गाजर गवताचा पाला घालून ज्यांना न्यायचे असतील त्यांनी ते खुशाल न्यावेत.

आपला,
एक शेतकरी वाचक, कोरेगाव, जि. सातारा