लढाऊ नॅटच्या खोक्यात प्रशिक्षण विमानाची काच

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: नॅट लढाऊ विमानाच्या १/४८ मापाच्या मॉडेल किटमध्ये दोन वेळा आलेली चुकीची कॅनोपी (कॉकपिटवरची काच), खराब डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) आणि काल दुपारी फोनवर झालेला अपमान

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला मी सातवा फोन केला. तो शेवटचा. यापुढे जे बोलायचं ते लेखी.

आधी मुद्दा सांगतो, कारण सात फोनांत तो कुणी नीट ऐकूनच घेतला नाही. तुमच्या खोक्यावर भारतीय हवाई दलाच्या एकआसनी नॅटचं चित्र आहे. आतलं धड, पंख, शेपूट, चाकं सगळं त्याच विमानाचं आहे. पण पारदर्शक भागांच्या पिशवीत जी कॅनोपी आहे ती दोन वैमानिकांच्या प्रशिक्षण नॅटची आहे. ती या धडावर बसत नाही.

ही दोन विमानं वेगळी आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको, दोन्ही किटं तुम्हीच विकता. दोन आसनांचं प्रशिक्षण नॅट, म्हणजे टी.१, ब्रिटिश हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी बनलं. १९६५ ते १९७९ त्यांच्या रेड ॲरोज पथकाच्या हवाई कसरती याच विमानावर, लाल रंगात, होत. त्याची लांबी ९.६८ मीटर, लढाऊ नॅटची ८.७४. तुमच्या १/४८ मापात एक साधारण २० सेंटीमीटर, दुसरं १८. पंखसुद्धा वेगळे. भारताने घेतलं आणि बंगळूरला एचएएलने बांधलं ते एका वैमानिकाचं, इंजिनात हवा घेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तोंडांशी ३० मिलीमीटरची एकेक एडन तोफ असलेलं. १९६५च्या सप्टेंबरात पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानांना भिडलं ते हेच. १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरवर सहा सेबर आले, धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों उडाले आणि परत आले नाहीत, ते याच विमानातून. हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे. तुमच्या खोक्याच्या बाजूला हा प्रसंग चार ओळींत छापला आहे. तो छापून तुम्ही खोकं विकता, मग आतला माल त्याच विमानाचा असला पाहिजे.

मी हे किट घेतलं ते माझ्या काकांसाठी. काका १९७१च्या युद्धात नॅटच्या स्क्वाड्रनवर एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते. गेल्या रविवारी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. त्या दिवशी देव्हाऱ्याशेजारच्या टेबलावर त्यांचं विमान ठेवायचं, असं आम्ही दसऱ्यालाच ठरवलं होतं. काका आमच्याकडेच मुलुंडला राहतात. मी कापत होतो, घासत होतो आणि ते शेजारी बसून सांगत होते. विमान इतकं बुटकं की बहुतेक कामाला शिडी लागायची नाही, उभ्या उभ्या हात पोचायचा.

काम किती झालं होतं तेही ऐका, कारण "सर, तुम्ही पार्ट आधीच चेक करायला हवे होते" हे वाक्य मला तीन वेळा ऐकवलं गेलं. सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या सगळ्या फ्रेम साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवल्या. कॉकपिट रंगवलं. नाक जड राहावं, विमान शेपटीवर बसू नये, म्हणून गळाला लावायचं शिसं आणून नाकात चिकटवलं. धडाचे दोन भाग जोडले तेव्हा सांधा सुकेपर्यंत काका दोन्ही हातांनी ते धरून बसले होते. त्यांचे हात आता थरथरतात, पण त्या वीस मिनिटांत हलले नाहीत. मग सांध्यावर पुट्टी, ४०० नंबरचा घासायचा कागद, ८००चा, शेवटी १२००चा, ओला करून. पाऊस पूर्ण जाईपर्यंत मी रंगाला हात लावला नाही, कारण मुंबईच्या दमट हवेत लॅकर मारला की त्यावर पांढुरकी साय धरते. ऑक्टोबरच्या उन्हात गॅलरीत आधी चकचकीत काळा, त्यावर ॲल्युमिनियम, असे हात दिले. तुमच्या पत्रकात दोन रंगसंगती आहेत, त्यातली चंदेरी काकांनी निवडली.

पारदर्शक भागांची पिशवी आम्ही शेवटी फोडली. कुठलाही मॉडेल करणारा ती शेवटीच फोडतो, काचेवर धूळ आणि चरे नकोत म्हणून. हे तुमच्याच पत्रकात पहिल्या पानावर लिहिलं आहे: पारदर्शक भाग लागेपर्यंत पिशवीतच ठेवावेत. म्हणजे पत्रक पाळलं की तक्रारीची तुमची दहा दिवसांची मुदत संपते आणि मुदत पाळायची तर पत्रक मोडावं लागतं. यातलं काय करायचं ते एकदा ठरवून ग्राहकाला कळवा.

कॅनोपी धडावर ठेवली तर बोटाच्या एका पेराएवढी मागे लोंबत होती. दोन बैठकांची काच आहे हे काकांनी हातात घेताक्षणी सांगितलं.

मी पहिला फोन केला. फोटो मागितले, पाठवले. दुसऱ्या फोनवर सांगितलं की फोटो मिळाले नाहीत. पुन्हा पाठवले. एकोणीस दिवसांनी बदली पिशवी आली. त्यात तीच कॅनोपी. तोच साचा, फ्रेमवर तोच क्रमांक, आणि या वेळी काचेवर आडवा चरा.

इथे मला तुमच्याशी कामगार म्हणून बोलायचं आहे. मी ३१ वर्षं औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागात काढली. आमच्याकडे एक माल संपून दुसरा सुरू होण्याआधी लाइन क्लिअरन्स होत असे. आधीच्या मालाची एक गोळी, एक लेबल, एक रिकामं खोकं टेबलाखाली सापडलं तरी लाइन सुरू होत नसे. एका स्ट्रिपमध्ये दुसरी गोळी गेली तर त्या बॅचचं प्रत्येक खोकं संशयित. चूक एकदा झाली तर पॅकिंगवाल्याचा हात चुकला म्हणता येतं. तीच चूक गोदामातून आलेल्या सुट्या पिशवीतही निघते, तेव्हा तो हात चुकलेला नसतो. तुमच्या लढाऊ नॅटच्या कप्प्यात प्रशिक्षण नॅटच्या काचा भरून ठेवल्या आहेत. त्या बॅचची जेवढी खोकी विकली गेली त्या प्रत्येकात चुकीची काच असण्याची शक्यता आहे. हे मी तिसऱ्या फोनवर सांगितलं. पाचव्या फोनवर पुन्हा सांगितलं. गोदामात जाऊन एक कप्पा उघडून बघायला किती वेळ लागतो?

डीकलचं थोडक्यात सांगतो. पहिला तक्ता कोमट पाण्यात सोडला आणि गोल चिन्हाचे सात तुकडे झाले. एकेक तुकडा ओल्या ब्रशने सरकवत मी रात्री दीडपर्यंत जोडत बसलो, जुळले नाहीत. बदली तक्ता आला त्याची फिल्म चांगली, पण रंग उलटे. आपल्या हवाई दलाच्या गोलात केशरी बाहेर असतो, मधे पांढरा आणि आत हिरवा. तुमच्या तक्त्यावर हिरवा बाहेर आहे. ही देशाच्या हवाई दलाची खूण आहे. छापण्याआधी एका माणसाने एकदा पाहिलं असतं तरी ही चूक तिथेच थांबली असती.

आता कालचा फोन. मराठीसाठीचं बटण दाबून बावीस मिनिटं थांबलो. फोन स्पीकरवर होता, काका समोर बसले होते. तुमच्या प्रतिनिधीने सगळं पहिल्यापासून विचारलं. ऑर्डर क्रमांक, तारीख, पिन कोड. मी सगळं सांगितलं. मग तो म्हणाला,

"सर, कॅनोपी मिळाली आहे ना?"

मी म्हटलं, मिळाली, पण ती दुसऱ्या विमानाची आहे.

"सर, दोन्ही नॅटच आहेत. सिस्टीममध्ये पार्ट डिलिव्हर्ड दाखवतोय."

मी म्हटलं, ती धडापेक्षा मोठी आहे, बसत नाही.

"मोठी असेल तर सर कटरने कापून बसवता येईल. लहान असती तर प्रॉब्लेम होता."

मी त्याला शांतपणे समजावलं की काच बाकदार असते. मागचा तुकडा कापला म्हणून पुढचा बाक बदलत नाही, शिवाय दोन बैठकांमधली चौकट तिच्यावर कोरलेली आहे, ती एकआसनी विमानावर कशी दिसेल? तो दोन मिनिटं होल्डवर गेला. परत आला आणि म्हणाला,

"सर, मी सीनियरशी बोललो. दोन सीटची काच वन सीटपेक्षा महाग असते. म्हणजे तुम्हाला जास्तच किमतीचा पार्ट मिळालाय. आणि सर, एक पर्सनली सांगू? खेळण्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका."

काकांनी हात पुढे करून फोन स्वतःकडे ओढला. ते म्हणाले, "बाळा, या विमानाखाली मी झोपलोय." एवढंच. पलीकडून उत्तर आलं, "ओके सर, आणखी काही मदत हवी आहे का?" काकांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, ठेव आता.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला नोकरीला लावून हातात एक पडदा दिलाय, आणि पडद्यावर 'डिलिव्हर्ड' दिसलं की त्याचं काम संपतं. माझा राग त्या सीनियरवर आहे, ज्याने स्वतः फोनवर न येता हे उत्तर त्याच्या तोंडी दिलं. आणि तुमच्यावर आहे. वीस वर्षं मी तुमची किटं घेतो आहे. माझ्या मुलाने पहिलं विमान तुमचंच केलं. सोसायटीतल्या चार मुलांना मी तुमचंच नाव सांगितलं होतं. त्या चौघांच्या आईवडिलांना आता काय सांगू, ते तुमच्या उत्तरावर ठरेल.

रविवारी कार्यक्रम झाला. विमान टेबलावर होतं, कॅनोपीशिवाय. येणारा प्रत्येकजण विचारत होता, वरची काच कुठेय, आणि काका प्रत्येकाला सांगत होते, येतेय.

मला पैसे परत नकोत. तेही दोनदा देऊ केलेत, दोनदा नाही म्हटलं आहे. पैसे घेऊन मी हे धड कुठे टाकू? मला एकआसनी लढाऊ नॅटच्या पारदर्शक भागांची फ्रेम हवी आहे, पाठवण्याआधी कुणीतरी धडावर ठेवून पाहिलेली. केशरी बाहेर आणि हिरवा आत असलेला डीकल तक्ता हवा आहे. आणि या बॅचची उरलेली खोकी तुम्ही तपासलीत, असं जबाबदार माणसाच्या सहीचं पत्र हवं आहे. काकांची माफी मागायची की नाही ते तुमच्यावर सोडतो. मी ती मागून घेणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करून वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९प्रमाणे मी राहतो तिथेच ती दाखल करता येते, आणि या किमतीच्या मालाला शुल्कही लागत नाही. वकील लावणार नाही. दोन्ही काचा, धड आणि मोजपट्टी घेऊन स्वतः उभा राहीन. सात फोनांच्या तारखा आणि वेळा वहीत आहेत, जुनी सवय आहे.

ऑर्डरचा क्रमांक, दोन्ही काचांचे धडावर ठेवलेले फोटो आणि उलट्या रंगांच्या तक्त्याचा फोटो सोबत जोडला आहे. नवीन काच साध्या पाकिटात टाकू नका. मऊ कागदात गुंडाळून कडक खोक्यात पाठवा. मागची पाकिटात आली होती, म्हणून चरा पडला. पार्सल दुपारी चारनंतर पोचेल असं पाठवा, त्याआधी काका झोपलेले असतात आणि दार त्यांना स्वतः उघडायचं आहे.

एक ग्राहक,
मुलुंड पूर्व, मुंबई