गोडा मसाला आणि मोऱ्या

कोथरूड, पुणे

प्रिय सुध्या,

तुझं पत्र कालच मिळालं. ॲमेझॉनच्या जंगलात रस्त्याचं काम, आणि तुझा प्रश्न काय, तर गोडा मसाला किती न्यावा! अर्धा किलो ने. आता बाकीचं ऐक.

मागच्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता, आठवतं? तू पपईच्या पानांचा रस आणलास, तो मी गुपचूप कुंडीत ओतला, हे आज सांगतो. बरं वाटल्यावर शेजारच्या अर्धवट इमारतीत जाऊन लिफ्टच्या खड्ड्यात टॉर्च मारला. गुडघाभर पाणी. स्वल्पविरामाएवढ्या अळ्या, उजेड पडला की वळवळत तळाशी जायच्या, थोड्या वेळाने श्वास घ्यायला परत वर.

तिकडेही तेच, फक्त डास वेगळा. मलेरियाचा ॲनोफिलीस डार्लिंगी. त्याला जंगलाच्या कडेचं, थोडं ऊन थोडी सावली असलेलं, संथ स्वच्छ पाणी मानवतं. ते करून देतो आपणच: मुरूम काढून तसेच सोडलेले खड्डे, भरावामुळे तुंबलेला ओढा, रस्त्याखाली चुकीच्या पातळीला बसवलेली पाण्याची मोरी. त्यात मजूर लांबून आलेले, मलेरिया अंगात कधी न मुरलेले. पटापट आजारी पडतात, आणि काम संपलं की तोच ताप घेऊन गावी जातात.

पनामा कालव्यावर फ्रेंच कंपनीने १८८१ ते १८८९ खणलं. मेलेल्यांचा अंदाज २२,००० च्या आसपास, बहुतेक पीतज्वर (यलो फीवर, हाही डासांमुळेच) नि मलेरियाने. गंमत बघ, तिथल्या दवाखान्यात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, आपल्या आज्या फडताळाखाली ठेवायच्या तशाच. त्यांत डास वाढत! डॉ. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तो १८९७ साली. तोवर त्या कंपनीचं दिवाळं वाजलं होतं. १९०४ नंतर अमेरिकेच्या डॉ. गोर्गसने पाण्याची पिंपं झाकली, डबक्यांवर तेल ओतलं, खिडक्यांना जाळ्या मारल्या. दोनेक वर्षांत पीतज्वर हटला.

तू मोऱ्या काढणारा माणूस, म्हणून एवढं लिहितोय. उतार आणि तळाची पातळी तुझ्याच ड्रॉइंगवर ठरते. खड्ड्यांचा निचरा आणि भराई सुरुवातीलाच एस्टिमेटमध्ये धर. शेवटी त्याला पैसा उरत नाही, हे तूच मला सांगायचास.

पीतज्वराची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घे. कार्ड पासपोर्टमध्येच ठेव, नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवतील.

आई लोणचं देणार आहे, बरणी नको म्हटलंय, डब्यात. शनिवारी ये.

तुझा,
मन्या